एकगती सायकलीच्या मागील दंतचक्राची निवड

एकगती सायकलीवर बसणाऱ्याला चढ, समोरचा वारा किंवा मागच्या कॅरियरवरील ओझे यांपैकी कशासाठीही वाटेत गुणोत्तर बदलता येत नाही. जे ठरवावयाचे ते एकदाच, मागील हबवर दंतचक्र चढविले जाते तेव्हा. आणि नेमक्या त्याच वेळी विचार असा होत नाही. दुकानात ‘नेहमीचे’ फ्रीव्हील मागितले जाते आणि नेहमीचेच बसविले जाते. भारतीय रोडस्टरवर हे नेहमीचे म्हणजे सामान्यतः १८ दात्यांचे चक्र असते व त्याच्या जोडीला पुढे ४४ दात्यांचे. ही जोडी चुकीची आहे असे नाही. पण ती कोणासाठी बरोबर आहे, आणि कोणाच्या गुडघ्यांवर तिचा बोजा पडतो, हा प्रश्न यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही क्वचितच विचारलेला असतो. पुढील विवेचनात क्रँकला जोडलेल्या मोठ्या चक्रास अग्रचक्र व मागील हबवरील लहान चक्रास पश्चचक्र म्हटले आहे.

मोजमापापासून आरंभ करणे सोयीचे. अग्रचक्राच्या दात्यांना पश्चचक्राच्या दात्यांनी भागले असता पॅडलच्या एका फेऱ्यात मागील चाक किती वेळा फिरते ते कळते. ४४ व १८ या जोडीचे गुणोत्तर २.४४ येते. परंतु केवळ गुणोत्तरावरून दोन सायकलींची तुलना होत नाही, कारण चाकांचे व्यास भिन्न असतात. म्हणून फ्रान्समध्ये पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल किती मीटर पुढे जाते ते मोजण्याची रीत पडली. त्या अंतरास येथे ‘पल्ला’ म्हणता येईल. रोडस्टरच्या २८ इंची चाकाचा परीघ सुमारे २.२३ मीटर आहे; त्याला २.४४ ने गुणले की पल्ला सुमारे ५.४६ मीटर निघतो. इंग्लंडमध्ये मात्र गुणोत्तराला चाकाच्या व्यासाने गुणून इंचांत उत्तर सांगतात, आणि आपल्या जोडीचे ते ६८ इंच येते. हे माप प्रथमदर्शनी विचित्र वाटते. त्याचे मूळ साखळीपूर्व काळात आहे. उंच पुढील चाकाच्या जुन्या सायकलीत पॅडल थेट चाकाच्या आसाला जोडलेले असे, त्यामुळे चाकाचा व्यास हाच तिचा ‘गिअर’ होता, आणि तो स्वाराच्या पायाच्या लांबीहून फार वाढविता येत नव्हता. हान्स रेनोल्ड यांची रोलर साखळी १८८० मध्ये आली, जॉन केम्प स्टार्ली यांची रोव्हर सायकल १८८५ मध्ये आली, आणि चाकाचा व्यास व पायाची लांबी यांची गाठ सुटली. आजच्या साध्या रोडस्टरवर बसलेला मनुष्य त्या हिशेबाने ६८ इंच व्यासाच्या चाकावर बसलेला आहे. तसे चाक प्रत्यक्षात असते तर पॅडलपर्यंत कोणाचाही पाय पोहोचला नसता.

पल्ला जितका मोठा, तितके फेरे कमी आणि प्रत्येक फेऱ्याला जोर अधिक. हा व्यवहार तरफेच्या नियमाइतकाच सरळ आहे. सायकल व स्वार यांचे एकत्रित वस्तुमान ८५ किलोग्रॅम धरले, तर सपाट रस्त्यावर ताशी १८ किलोमीटर वेगाने जाताना टायरच्या लोटण्याचा रोध अदमासे ५ न्यूटन व ताठ बसलेल्या स्वारावरील हवेचा रोध अदमासे ८ न्यूटन असतो. या १३ न्यूटनांवर मात करण्यास लागणारी शक्ती ६५ वॉटच्या आसपास, म्हणजे निरोगी प्रौढास तासभर सहज पेलणारी. १८ दात्यांच्या चक्राने या वेगाला मिनिटास ५५ फेरे पडतात. १६ दात्यांनी ४९, २० दात्यांनी ६१ आणि २२ दात्यांनी ६७.

यांपैकी कोणती संख्या चांगली, याचे उत्तर स्नायूकडे आहे, सायकलीकडे नाही. ए. व्ही. हिल यांनी १९३८ मध्ये बेडकाच्या स्नायूंवरील प्रयोगांतून दाखविले की, स्नायू जितक्या वेगाने आकुंचन पावतो तितका त्याचा जोर घटतो. त्यामुळे अतिशय मंद आणि अतिशय जलद या दोन टोकांच्या मध्येच त्याची शक्ती व काटकसर साधते. कमी शक्तीने सावकाश चालविणाऱ्यास प्राणवायूच्या खर्चाच्या दृष्टीने मिनिटास ५० ते ६० फेरे काटकसरीचे पडतात, तर शर्यतीतील स्वार ९० व त्याहून अधिक फेरे पसंत करतात. कारण त्यांची शक्ती तिप्पट-चौपट असते आणि तीच शक्ती कमी फेऱ्यांतून काढावयाची तर प्रत्येक फेऱ्याचा जोर मांड्यांना असह्य होतो. रोडस्टरची ४४ व १८ ही जोडी सावकाश जाणाऱ्याच्या या काटकसरीच्या पट्ट्यात अगदी नेमकी बसते. सपाट गावात एकटा कचेरीला जाणारा मनुष्य डोळ्यांसमोर ठेवला तर जुन्या कारागिरांची निवड शहाणपणाचीच म्हणावी लागेल.

परंतु भारतात सायकल केवळ एकट्याने कचेरीला जाण्याचे वाहन कधीच नव्हते. दुधाचे कॅन, गॅसची टाकी, भाजीच्या पाट्या, वर्तमानपत्रांचे गठ्ठे हे सर्व याच सायकलीवरून गेले आणि अजूनही कित्येक ठिकाणी जाते. वरील ८५ किलोग्रॅममध्ये ६० किलोग्रॅम ओझे मिळवून पाहावे. रेल्वेवरील पुलाचा शंभरास चार असा चढ ताशी ८ किलोमीटर वेगाने चढताना एकूण रोध सुमारे ६७ न्यूटन होतो. त्यात हवेचा वाटा जवळजवळ नगण्य, बहुतेक सगळा गुरुत्वाकर्षणाचा. क्रँक १७० मिलिमीटर लांबीची असेल तर १८ दात्यांच्या चक्रावर पॅडलला सरासरी ३४० न्यूटन स्पर्शीय जोर द्यावा लागतो. पण पाय काही सर्व फेराभर सारखा जोर देत नाही. भुजा वर किंवा खाली असताना तो जवळजवळ शून्य असतो व आडवी असताना सर्वाधिक. हा चढउतार ज्या-वक्राप्रमाणे मानला, तर कमाल जोर सरासरीच्या π/२ पट, म्हणजे सुमारे ५४० न्यूटन येतो. याचा अर्थ प्रत्येक अर्ध्या फेऱ्यास ५५ किलोग्रॅम भार एका पायावर. स्वाराचे स्वतःचे वजन ६५ किलोग्रॅम असेल, तर बसून हा जोर काढणे जवळपास अशक्य. तो खोगिरावरून उठतो, डुलतडुलत चार फेरे मारतो, आणि मग उतरून सायकल ढकलतो. पुलाच्या पायथ्याशी रोज दिसणारे हे दृश्य अशक्तपणाचे नसून भागाकाराचे आहे.

याच हबवर २२ दात्यांचे चक्र असते, तर कमाल जोर ४४० न्यूटनांवर, म्हणजे सुमारे ४५ किलोग्रॅम भारावर आला असता. चढ तेवढ्याने सुखाचा होत नाही. तथापि बसून चढता येण्याइतका तो होतो, आणि वाकलेल्या गुडघ्याच्या वाटीवर दिवसभरात शेकडो वेळा येणारा दाब त्याच प्रमाणात, जवळजवळ एक-पंचमांशाने, उतरतो. येथे सामान्यतः असा आक्षेप घेतला जातो की, चढासाठी मोठे चक्र घातले तर सपाटीवर वेग मारला जाईल. एकट्या स्वाराच्या बाबतीत यात तथ्य आहे. ओझेवाल्याच्या बाबतीत नाही. तो सपाटीवरही ताशी १२ किलोमीटरच्या पुढे फारसा जात नाही, आणि त्या वेगाला १८ दात्यांवर त्याचे मिनिटास ३७ फेरे पडतात, २२ दात्यांवर ४५. म्हणजे स्नायूच्या सोयीचा पट्टा त्याला सपाटीवरसुद्धा मोठ्या चक्रानेच अधिक जवळ येतो. रिकाम्या कॅननिशी परतताना ताशी १८ किलोमीटरला ६७ फेरे मारावे लागतील, एवढाच काय तो तोटा. अशा माणसापुरते बोलावयाचे, तर १८ दात्यांचे चक्र ही तडजोडसुद्धा नव्हे. ती दोन्हीकडून तोट्याची निवड आहे, आणि ती केवळ सवयीने चालत आलेली आहे.

वाऱ्याचा विचारही याच पद्धतीने करावा. ताशी १० किलोमीटरचा समोरचा वारा असताना एकट्या स्वाराचा ताशी १८ किलोमीटर वेगातील रोध १३ न्यूटनांवरून सुमारे २५ न्यूटनांवर जातो. शंभरास सुमारे दीड असा अखंड चढ लागावा, तसेच हे झाले. कोकणच्या किनाऱ्यावर संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून सायकल चालविणाऱ्यांना रस्ता सपाट असूनही एक-दोन दाते अधिक का हवेसे वाटतात, ते यावरून समजेल.

याच्या अगदी उलट टोकाला बंदिस्त धावपट्टीवरील शर्यत आहे. तेथे चढ नाही, वारा नाही, ओझे नाही; त्यामुळे पल्ला वाढविण्यास केवळ स्वाराची ताकद हीच मर्यादा. एडी मर्क्स यांनी १९७२ मध्ये मेक्सिको सिटी येथे एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर तोडले, तेव्हा पुढे ५२ व मागे १४ दाते होते. फिलिप्पो गान्ना यांनी २०२२ मध्ये ५६.७९२ किलोमीटर अंतर तोडले ते ६५ व १४ या जोडीने. हिशेब केला तर मर्क्स यांचे मिनिटास सुमारे १०५ आणि गान्ना यांचे सुमारे ९७ फेरे निघतात. पन्नास वर्षांत वेग वाढला, पण फेरे वाढले नाहीत, किंबहुना घटले. वाढला तो पल्ला. पश्चचक्र मात्र १४ दात्यांवरच स्थिर राहिले आणि सगळी वाढ अग्रचक्राकडे गेली, हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

डोंगरी रस्त्यावर एका चक्राने भागत नाही, ही अडचण जुन्या शर्यतीत फार उघडपणे दिसली. ‘तूर द फ्रान्स’ या शर्यतीत १९३६ पर्यंत गिअर बदलणाऱ्या यंत्रणेस मुख्य स्पर्धकांना बंदी होती. ती १९३७ मध्ये उठली. तोपर्यंत मागील हबच्या दोन्ही अंगांना भिन्न दात्यांची चक्रे असत. घाटाच्या पायथ्याशी स्वार उतरे, चाक काढून उलटे बसवी, आणि माथ्यावर पुन्हा तीच क्रिया करी. चाक नेमके केव्हा उलटावे, हा शर्यतीतील डावपेचाचाच भाग होता. असे दुतोंडी हब आजही मिळतात, आणि सहसा त्यांच्या एका अंगास फ्रीव्हील व दुसऱ्यास स्थिर चक्र बसवितात. ओझे नेताना एक व परतताना दुसरे असे दोन फ्रीव्हीलही त्यावर बसू शकतात. व्यवहारात मात्र दिवसातून दोनदा चाक काढण्याचा उत्साह कोणास राहत नाही.

दाते पूर्ण संख्येतच वाढतात, यामुळे निवडीला एक खडबडीतपणा येतो. १८ वरून १९ वर गेले असता चक्र साडेपाच टक्क्यांनी मोठे होते. १३ वरून १४ वर गेले तर पावणेआठ टक्क्यांनी. अग्रचक्रात ४४ चे ४५ केले तर फरक केवळ सव्वादोन टक्के. म्हणून बारीक जुळवणी पुढून करावी व मोठा बदल मागून, असा सामान्य नियम सांगता येतो. मागील चक्र स्वस्त, पुढील महाग. त्यामुळे बहुधा मागीलच बदलले जाते, आणि ते ठीकच आहे.

परंतु एकच गुणोत्तर अनेक जोड्यांनी साधते. ४४ व १८ चे गुणोत्तर २.४४, ३२ व १३ चे २.४६, रस्त्यावर दोहोंत फरक जाणवणार नाही. मग लहान जोडी घेऊन वजन का वाचवू नये? याचे पहिले उत्तर साखळीच्या ताणात आहे. पॅडलवरील जोर ठरलेला असता साखळीतील ताण अग्रचक्राच्या त्रिज्येवर अवलंबून असतो, पश्चचक्रावर नव्हे. ४४ दात्यांच्या चक्राची त्रिज्या ८९ मिलिमीटर. ५०० न्यूटन जोराला साखळीत सुमारे ९५५ न्यूटन ताण येतो. ३२ दात्यांच्या चक्राची त्रिज्या ६५ मिलिमीटर. ताण १३०० न्यूटनांच्या वर जातो. हा सर्व ताण मागील आसाच्या उजव्या टोकास पुढे ओढतो, आणि चाक तिरके होऊन टायर फ्रेमच्या नळीला घासू लागते ते यामुळेच.

दुसरे उत्तर चक्राच्या बहुभुजपणात आहे. साखळी चक्राभोवती वर्तुळाने वळत नाही. ती प्रत्येक दात्याशी एक कोन करून मोडते. १८ दात्यांवर प्रत्येक कडी २० अंशांनी वळते, १३ दात्यांवर पावणेअठ्ठावीस अंशांनी. झीज व घर्षण या वळणातच होतात. शिवाय बहुभुजाची त्रिज्या कोपऱ्याशी अधिक व बाजूच्या मध्याशी कमी असल्याने साखळीची गती किंचित हिसके घेत राहते. तो फरक १८ दात्यांवर दीड टक्का, तर ११ दात्यांवर चार टक्के भरतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पाइसर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत साखळीची कार्यक्षमता परिस्थितीनुसार सुमारे ८१ पासून ९८.६ टक्क्यांपर्यंत आढळली, आणि मोठी चक्रे लहानांपेक्षा सरस ठरली. गान्ना यांनी पल्ला वाढविताना पश्चचक्र बाराचे न घेता पुढे ६५ दाते का घेतले असावेत, हे आता निराळे सांगावयास नको.

यानंतर संख्याशास्त्राचा एक लहानसा पण मनोरंजक भाग येतो. त्याला शाळेतील मसावि पुरेसा आहे. साखळीत अर्ध्या इंचाच्या ११२ कड्या आहेत असे समजा. पश्चचक्र १६ दात्यांचे असेल, तर ११२ व १६ यांचा मसावि १६ असल्याने प्रत्येक दात्याची गाठ पुनःपुन्हा त्याच सात कड्यांशी पडते. एखादी कडी ताणलेली असेल, तर तिचा त्रास ठरावीक दात्यासच होत राहतो. १८ दात्यांवर प्रत्येक दाता ५६ कड्यांना भेटतो, आणि १७ किंवा १९ दात्यांवर सर्वच्या सर्व ११२ कड्यांना. विषम दात्यांचे चक्र सारखे झिजते ते यामुळे.

जोर पडण्याच्या जागाही अशाच ठरतात. पॅडलचा कमाल जोर दर अर्ध्या फेऱ्यास येतो. ४८ व १६ या जोडीत अर्ध्या फेऱ्यात पश्चचक्र बरोबर दीड वेळा फिरते. म्हणजे सर्व कमाल जोर समोरासमोरच्या दोनच जागांवर पडतो व तेथील दाते आधी झिजतात. ४४ व १८ मध्ये अशा जागा नऊ होतात, ४४ व १७ मध्ये सतरा. स्थिर चक्राच्या सायकलीवर पाय रोखून मागील चाक घसरवीत थांबणाऱ्यांच्या बाबतीत हाच हिशेब टायरला लागतो. ४८ व १६ वर टायर एका पायाच्या सवयीने एकाच जागी, फार तर दोन जागी, घासून फाटते. ४८ व १७ वर तीच झीज सतरा जागी वाटली जाते. फ्रीव्हील असलेल्या सायकलीस टायरचा हा नियम लागू नाही, कारण पॅडल थांबल्यावर दाते व चाक यांचे नाते तुटते. दाते व पॅडल यांचे मात्र तुटत नाही.

निवडलेली संख्या हबवर बसते की नाही, हे शेवटी आटे ठरवितात. फ्रीव्हीलचे प्रचलित आटे सुमारे १.३७ इंच व्यासाचे, इंचाला २४ असे असतात. त्यांवर खटका व गोळ्या मावविण्यासाठी साधारणपणे १६ दाते तरी लागतात. त्याखालील फ्रीव्हीलसाठी लहान आट्यांचा निराळा हब घ्यावा लागतो. स्थिर चक्रात आत काहीच मावावयाचे नसल्याने ते १३ दात्यांपर्यंत सहज उतरते. मात्र स्थिर चक्र मागे रेटले की उलटे सुटू पाहते. म्हणून त्याच्या बाहेर उलट्या आट्यांची लॉक-रिंग कसावी लागते. साध्या फ्रीव्हीलच्या हबवर ती सोय नसते. तेथे स्थिर चक्र चढविणे धोक्याचे आहे, आणि तसे करणारे लोक असतात म्हणूनच त्याचा उल्लेख करावा लागतो.

मागे एक दाता वाढविला की तीच साखळी ठेवून आस सुमारे ३ मिलिमीटर पुढे सरतो. १८ चे २२ केल्यास अदमासे १२ मिलिमीटर. फ्रेमच्या खाचेत तेवढी जागा असेल तर चाक पुढे घ्यावे. नसेल तर साखळीत दोन कड्या वाढवाव्यात, म्हणजे आस जवळजवळ मूळ जागी राहील. एकच कडी वाढविता येत नाही, कारण आतील व बाहेरील कड्या आळीपाळीने जोडलेल्या असतात. त्यासाठी खास अर्धी कडी मिळते. चाक सरकले की ब्रेकचे रबर धावेवर पूर्वीच्याच जागी टेकते की नाही, हे तपासावे लागते. साखळीची रुंदीही पाहावी: एक-अष्टमांश इंच जाडीच्या दात्यांवर तीन-बत्तिसांश इंची साखळी बसत नाही, उलटे मात्र थोड्या सैलपणाने चालते.

कोणत्या स्वारास किती दाते, हे ठरविण्यास प्रयोगशाळा लागत नाही. नेहमीच्या रस्त्याच्या नेहमीच्या भागात, नेहमीचे ओझे घेऊन, घड्याळाच्या एका मिनिटात उजवा पाय किती वेळा खाली गेला ते मोजावे. आणि वाटेतील सर्वांत मोठा चढ बसून चढता येतो की नाही, ते पाहावे. फेरे पन्नासच्या खाली असतील आणि चढावर उठावे लागत असेल, तर दोन दाते वाढवून पंधरवडाभर चालवावे. पहिले दोन-तीन दिवस पाय उगाच फिरत असल्याची भावना होते. तिच्यावरून निर्णय घेऊ नये. फेरे सत्तरच्या वर जात असतील व चढ नसेलच, तर एक दाता कमी करून पाहावा. जुने फ्रीव्हील पॅडलच्या जोरानेच वर्षानुवर्षे घट्ट होत गेलेले असते, तेव्हा ते काढण्यास खाचांचा योग्य चाप व लांब दांडा लागतो; हातोडी व छिन्नीने काढल्यास फ्रीव्हील तर जातेच, कित्येकदा हबचे आटेही जातात. आणि साखळी जुनी असेल, तर तिच्या २४ कड्या पट्टीने मोजाव्यात. त्या १२ इंचांहून एक-अष्टमांश इंच अधिक भरल्या, तर नवे चक्र तिच्याबरोबर चालणार नाही. पहिल्याच चढावर साखळी दात्यांवरून उडेल, आणि दोष मात्र बिचाऱ्या नव्या चक्राच्या माथी मारला जाईल.